तुटलेल्या सीलची शर्यत

नियाजभाईंच्या गॅरेजात शिरलेली गाडी कुरकुरतच बाहेर पडली, असं नाशकात कुणी सांगणार नाही. आवाज कानावर आला की त्यांचा हात आपोआप पान्याकडे जायचा. या सवयीनेच एकदा घात केला.

लेक सुहाना इंजिनिअरिंगला. तिच्या चमूने शर्यतीसाठी एक मोटरसायकल स्वतः घडवली होती, कुठल्याही शोरूमात न मिळणारी. जिंकणारी गाडी अंबडचा एक कारखाना पारखणार होता, त्यातलं काही रस्त्यावरच्या गाड्यांत वापरता येईल का म्हणून. पोरीचा जीव त्यातच अडकलेला. नियम मोठ्या शर्यतींसारखे कडक. तपासणी झाली की इंजिनाला तारेचं सील, नंतर कुणी ते उघडू नये म्हणून. त्या मोठ्या शर्यतींत हंगामभर मोजकीच इंजिनं वापरता येतात, म्हणून कंपन्यांना ती टिकाऊ करावी लागतात आणि तो टिकाऊपणा पुढे आपल्या गाड्यांत उतरतो, असं सुहानाने समजावलं तेव्हा नियाजभाई हसले होते. “म्हणजे माझं गिऱ्हाईक पळवणारे हेच की!”

शर्यतीच्या सकाळी गाडी ढकलताना त्यांना बारीक टकटक ऐकू आली. पोरं नाश्त्याला गेलेली. त्यांनी तार कापली, झाकण उघडलं. आत पुढच्या स्प्रॉकेटचा, साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, बोल्ट सैल. कड दुमडता येणारा वॉशर घालून त्यांनी तो पक्का जखडला.

सुहाना परतली आणि तुटकी तार उचलून त्यांच्यासमोर धरली. “अब्बू, ही गिऱ्हाइकाची गाडी नाही हो.”

नियाजभाई स्वतःच तपासनीस धनराज सरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. सरांनी काम चोख असल्याचं कबूल केलं, तरी शिक्षा म्हणून गाडी सुरुवातीच्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभी केली. “मला बोलावलं असतं तर माझ्यासमोर उघडता आलं असतं, नियाजभाई. शिक्षाच नसती.”

गाडी चालवणारा रोहित मात्र त्यांच्या पाया पडला. मागून निघेन काका, पण धड परत येईन, म्हणाला.

गाडी चौथी आली. करंडक गेला. धनराज सर त्याच अंबडच्या कारखान्यातले. त्यांनी वाकून पुन्हा तो वॉशर पाहिला, फोटो काढला. आमच्या चाचणीच्या गाड्यांतही हा बोल्ट सैल होतो, सोमवारी गाडी दाखवायला आणा, म्हणाले. शिक्षा देणाऱ्या त्या माणसाचा हात नियाजभाईंनी दोन्ही हातांत धरून ठेवला.

घरी जाताना सुहाना त्यांच्या स्कूटरवर मागे बसली होती. त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, “पुढच्या वर्षीही या, अब्बू. फक्त आधी विचारा.”