गेटबाहेरचे तास

सणसरला माझ्या धाकट्या चुलतभावाने ऊस मोडून भेंडी लावली, विमानाने आखाती देशांत जाणारी. लागोपाठ दोनदा माल विमानतळावर नाकारला गेला. भेंडी मलूल, देठ काळवंडलेले.

"आता पुन्यांदा असं झालं तर रान नांगरतो अन् ऊसच लावतो बघ, दादा," तो म्हणाला.

माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस मोबाईलवर तक्ता दाखवायचा. दोन मोठ्या विमानतळांची तुलना: माल आत आल्यापासून विमानात चढेपर्यंत किती वेळ लागतो. आम्ही वापरत होतो तो त्यात सरस. "दोष तुमच्या भेंडीत आहे," असं त्याचं म्हणणं.

मला ते पटेना. साखर कारखान्यावर ऊस रांगेत वाळतो आणि हिशोब वजनकाट्यापासून सुरू होतो. इथंही गेटबाहेरचा वेळ कुणी धरत नसणार, अशी मला शंका होती. पुढच्या खेपेला मीच गाडीत बसलो.

पोचलो तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं. ड्रायव्हरने गाडी गेटबाहेर कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्याबरोबर मागच्या शीतकप्प्यातला गारवाही बंद.

"हे का बंद केलं?"

"उगं डिझेल जळतंय, तात्या. आपला टाइम दुपारचा हाय."

"मग इतक्या लवकर आलो कशाला?"

"नंबर लावाय! कारखान्यावर न्हाय का लावत?"

गेटवरचा पहारेकरी हसला. "काका, इथं नंबर नसतो, वेळ दिलेली असते. तुमच्याच भागातल्या गाड्या सकाळपासून येऊन तापत बसतात."

मी इंजिन सुरू करायला लावलं. त्या दिवशी काही खोकी परत आली, बाकीची गेली.

चुलतभाऊ ऐकून चिडलाच. "अन् वाटंत घाटात अडाकली म्हंजी? लवकर गेलेलं काय वाईट हाय का?" तरी पुढच्या खेपेला गाडी वेळ बघून सोडली. दिवसभर तो ड्रायव्हरला फोन करून भंडावत होता. सगळा माल गेला. नांगरटीसाठी सांगून ठेवलेला ट्रॅक्टर त्याने संध्याकाळी नको म्हणून कळवला.

तक्त्यावर मात्र माझा अजून विश्वास नाही. कंपनीच्या त्या माणसाला मी विचारलं, "इथं वेळ गेटच्या आतून मोजतात. दुसऱ्या विमानतळावर कुठून मोजतात?"

"विचारून सांगतो," म्हणाला.

अजून सांगतोच आहे.