सुनंदाताईंचे पक्षी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. परवा पहिल्यांदा तोंडातून निघालं, म्हणून आता तुम्हालाही सांगतो.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या ऑफिसात आम्ही शाळांसाठी सीडी बनवायचो. सुनंदाताई चित्रं काढायच्या, मी कोड लिहायचो. अ‍ॅनिमेशनचं महागडं सॉफ्टवेअर शेठ घेणार नव्हते, म्हणून नेटवरची फुकट, ओपन सोर्स टूल्स. माझा कोड, ताईंची चित्रं, आवाज — सगळ्यांची नावं एका यादीत लिहायची, मग टूल त्यांची मिळून एकच फाइल बांधायचं. यादी करणारा मी.

ताई शिरगावातून यायच्या. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायच्या; माउस धरायला शिकल्या चाळिशी उलटल्यावर. खंड्या, बुलबुल, भारद्वाज — काय पक्षी काढले होते त्यांनी! प्रत्येक फाइलचं नाव मला कागदावर लिहून द्यायच्या, दोनदा तपासून.

अंबरनाथच्या एका शाळेच्या मोठ्या बाई सीडी बघायला आल्या, तेव्हा पडद्यावर पक्षी आलेच नाहीत. नुसती किलबिल, आणि पांढरी चौकट.

"ये क्या है?" शेठनी विचारलं.

मला लगेच कळलं. यादीत चित्रांच्या फोल्डरचं नाव मीच चुकीचं टाइप केलं होतं, आणि घाईत एकदाही चालवून बघितलं नव्हतं. एका अक्षराची चूक — कबूल करायला काय जात होतं माझं? पण सगळे माझ्याकडे बघत होते... मी म्हणालो, "ताईंनी फाइलींची नावं चुकीची दिली."

ताई तिथेच उभ्या होत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "असेल. मला कुठे कळतंय यातलं."

खरंच पटलं होतं त्यांना — हे मला तेव्हाही दिसत होतं. सोमवारपासून त्या आल्याच नाहीत. मी ते अक्षर गुपचूप बदललं, पक्षी उडाले. शेठ म्हणाले, "शाबाश." मी ती शाबासकी घेतली.

परवा शिरगावात त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"म्हणजे माझी नावं बरोबर होती?"

"हो, ताई."

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली, "अगं, ऐकलंस का? माझं बरोबर होतं!"

माझ्याकडे मात्र पुन्हा बघितलं नाही. मीही माफी मागितली नाही — कुठल्या तोंडाने मागणार? ऑफिस सोडल्यापासून त्यांनी कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. ते माझ्यामुळे. आता त्यांना ठाऊक आहे, आणि मला सुटल्यासारखं वाटतंय. लाज वाटते, पण खरं तेच आहे.