केळफुलाची रेघ

आमच्या शाळेत स्मार्ट क्लास बसवायला माणसं आली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी माझा फळा झाकला. काढला नाही, झाकला. त्याच्यावरच पांढरा पडदा ठोकला, छताला प्रोजेक्टर टांगला आणि टेबलावर वाकड्या मानेचा एक कॅमेरा ठेवला. त्या कॅमेऱ्याखाली कागद ठेवला की तो भिंतीएवढा होऊन पडद्यावर दिसे. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘बगुला’, म्हणजे बगळा, ठेवलं. दिसायचाही तसाच, मासा टिपायला टपून बसलेला. मी त्या शाळेत चित्रकला शिकवत होते. फळा गेल्याचं जेवढं मला लागलं तेवढं बाकी कुणालाच लागलं नाही, कारण त्या फळ्याच्या आधारानं मी एक गोष्ट लपवून ठेवली होती.

माझा उजवा हात थरथरायला लागला होता.

सुरुवात चहाच्या कपापासून झाली. मग सुईत दोरा ओवेना, मग बँकेत सही जुळेना. आमच्या वडिलांचंही असंच होतं, म्हातारपणी ते बशी दोन्ही हातांनी धरायचे. बुधवारा पेठेतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, घराण्यात असतं, वयाबरोबर थोडं वाढेल. मी उठले तसे पुन्हा म्हणाले, “और हाँ, कोई देख रहा हो तो ज़्यादा होगा.” मी मनात म्हटलं, डॉक्टरसाहेब, माझं कामच मुळी चार लोकांनी बघायचं आहे.

फळ्यावर मात्र निभत होतं. फळ्यावर मनगटाचं काम नसतं. खडू आडवा धरायचा आणि रेघ खांद्यातून ओढायची, मग मोठ्या रेघेत बारीकसा कंप विरून जातो. वह्या तपासताना मी पेन्सिल हातात घेणंच सोडून दिलं होतं. “तुझं तू दुरुस्त कर, तरच येईल,” असं म्हणून वही परत द्यायचे. पोरांना वाटे, मॅडम फार कडक आहेत. कडक मी होतेच, म्हणून ते खपूनही गेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं होतं.

मूठ उघडली तर काय होईल हे मला स्वच्छ दिसत होतं. चित्रकलेचे तास आधीच आटत चालले होते. गणिताला किंवा विज्ञानाला जादा तास लागला की कुऱ्हाड आमच्यावर पडायची. त्यातून बाईचाच हात चालत नाही म्हटल्यावर उरलेले तास कोण ठेवणार? फार तर मला लायब्ररीत बसवलं असतं, पगारही तोच मिळाला असता. पण मला लायब्ररीत बसायचं नव्हतं. मला चित्र काढण्याखेरीज दुसरं काही नीट येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा सगळ्या शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला एक तरतरीत तरुण आला होता. “मैडम, डरने का कुछ नहीं, मोबाइल जैसा ही है,” असं तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा. विज्ञानवाल्यांना त्यानं सांगितलं, कॅमेऱ्याखाली फूल ठेवा. गणितवाल्यांना म्हणाला, पुस्तक ठेवा. मग माझ्याकडे वळून खुशीत म्हणाला, “आर्ट वाले तो सबसे लकी हैं. आप सीधा हाथ रखिए. बच्चे आपका हाथ देखेंगे.” माझं धाबं दणाणलं, पण मी मान डोलावली.

‘मला नाही बाई जमत’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं. आमच्यातल्या दोघी झाल्याही. पण जन्मभर पोरांच्या तोंडून ‘नहीं आता’ हे उत्तर मी ऐकून घेतलं नव्हतं, ते स्वतःच्या तोंडून कसं ऐकून घेणार? शाळा सुरू झाल्यावर मधल्या सुट्टीत दार लावून मी बगुल्यापुढे बसू लागले. मागच्या गल्लीत पॉवरलूमची खडखड चालू असायची आणि मी तारा उलट्यासुलट्या लावत असायचे. आधी चित्र उलटं पडायचं, झाडाची मुळं वर आणि शेंडा खाली. मग कळलं की कागद आपल्या बाजूनं नाही, कॅमेऱ्याच्या बाजूनं ठेवायचा. टेबलावर चिकटपट्टीच्या खुणा केल्या. मनगटाखाली रुमालाची घडी घ्यायला लागले. आणि आश्चर्य म्हणजे, एकटी असले की हात बराच शहाण्यासारखा वागायचा. पडद्यावर भलीमोठी, बऱ्यापैकी सरळ रेघ उमटायची आणि मला पूर्वीइतकाच आनंद व्हायचा.

घरी यांना सगळं ठाऊक होतं. एकदा जेवताना म्हणाले, “अगं, सांगून टाक ना प्राचार्यांना. माणूस चांगला आहे.”

“अहो, सांगून काय होणार? दया येईल त्यांना,” मी म्हणाले. “दयेनं कुणी तास देत नाही.”



पहिल्या धड्यासाठी मी केळफूल निवडलं. आमच्याकडे प्रत्येक पोरानं ते पाहिलेलं असतं, आणि आकारही कसा, फुगीर, लांबट, टोकाला मिटत गेलेला. एका सहशिक्षिकेनं मळ्यातून ताजं आणून दिलं. तास सुरू होणार तेवढ्यात प्राचार्य दारात आले. “मैडम, आज पहला दिन है, मैं भी पीछे बैठूँगा. आप मेरी तरफ़ ध्यान मत दीजिए.” असं म्हणून ते शेवटच्या बाकावर बसले आणि शेजारच्या मुलीकडून त्यांनी कागद-पेन्सिलही मागून घेतली. ते मूळचे गणिताचे, चित्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. खिडक्या लावल्या, वर्ग अंधारला. मी केळफूल टेबलाच्या कडेला ठेवलं आणि हात कॅमेऱ्याखाली नेला.

एवढा मोठा माझा हात मी कधी पाहिला नव्हता. नखातला रंग, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, आणि पेन्सिल. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकायच्या आधीच हलत होतं. कॅमेरा बिचारा हात स्थिर होण्याची वाट बघत होता, त्यामुळे चित्र धूसर व्हायचं, पुन्हा स्पष्ट व्हायचं. मी रुमालावर मनगट दाबलं, डाव्या हातानं उजवा धरला, काही उपयोग झाला नाही. फुलाच्या बाहेरच्या पाकळीची ती लांब, वळती रेघ वरपासून खालपर्यंत कापत कापत गेली. वर्गात खोकला नाही, खुसखुस नाही. मला वाटलं, संपलं, सगळ्यांना कळलं. तरी मी चित्र पुरं केलं. अर्धं सोडायची सवय नव्हती.

“आता तुम्ही काढा,” म्हणून मी खिडक्या उघडायला लावल्या आणि बाकांमधून फिरू लागले. पहिल्याच बाकावरच्या मुलाची वही पाहिली आणि माझं डोकं तडकलं. त्याच्या केळफुलाची रेघ तशीच होती, बारीक बारीक हेलकावे खात खाली उतरलेली.

“थट्टा करतोस माझी?” मी ओरडले.

मुलगा घाबरून उभा राहिला. “नाही मॅडम. तुमीच तं असं काढलं ना. मी बराबर देख-देखके काढलं.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी शेजारची वही पाहिली, तिच्यातही तेच. मागच्या बाकावर तेच. एक मुलगी तर जीभ दातांत धरून अजून त्या रेघेवरचा एकेक कंप जपून उतरवत होती, आणि कुठे राहून तर गेला नाही ना म्हणून पुन्हा पडद्याकडे बघत होती. माझ्या वर्गाचा नियमच होता, मी काढते तस्संच काढायचं, आपल्या अकलेचे तारे तोडायचे नाहीत. इतकी वर्षं मी तो नियम त्यांच्या हाडीमाशी भिनवला होता. त्यांना माझ्या हाताचं काही कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं, केळफूल असंच काढतात.

फिरत फिरत मी शेवटच्या बाकाशी पोचले. प्राचार्यांनी घाईघाईनं आपला कागद पालथा घातला, पण तोवर मला दिसलं होतं. बेढब, बसकं केळफूल होतं ते. पण त्याची रेघ अगदी सरळ होती, कंप सगळा गाळून काढलेली. वर्गात त्यांना एकट्यालाच कळलं होतं. ते खाली बघत राहिले. मला त्यांचा राग आला नाही. पण त्या पोरांच्या वह्यांपेक्षा तो एक चांगुलपणाचा कागद मला जास्त लागला.

मी पडद्यापाशी परत गेले. लायब्ररी, तास, निवृत्तीपर्यंतची वर्षं, सगळं क्षणभर डोळ्यांपुढे येऊन गेलं. पण ही रेघ त्यांच्या हातात तशीच राहू देणं मला शक्य नव्हतं.

“वह्या खाली ठेवा,” मी म्हणाले. “केळफुलाची रेघ अशी नसते. माझा हात थरथरतो, म्हणून ती अशी आली. दोन-तीन वर्षं झाली. आता तो थांबणार नाही.”

मग ती जीभ दातांत धरून काढणारी मुलगी उभी राहिली.

“मॅडम, मंग हे खोडू का?”

“हो,” मी म्हणाले. “खोडा सगळ्यांनी.”

वर्गभर रबरं चालू लागली. पोरांचं काहीच चुकलेलं नव्हतं. इतकं मन लावून माझं चित्र त्यांनी आजवर कधी उतरवलं नव्हतं, आणि तेच मी त्यांना पुसायला लावत होते. मला रडू आलं. त्यांच्यासमोर आलं आणि मी ते आवरलं नाही. मग टेबलापाशी जाऊन मी माझा कागद उचलला, त्याच्या जागी केळफूल ठेवलं आणि कॅमेऱ्याखालून हात काढून घेतला.