कीर्तनांनी भरलेला टॅब

काही वर्षांपूर्वी माझ्या घरात एक अतिशहाणी बाई राहायची. ती मीच. लेकीने टॅब पाठवला आणि ही बाई गल्लीत अशी मिरवायला लागली, जसा काही तो हिनेच चुलीवर भाजून काढला.

नेट गेलं तर काय, या धास्तीने सापडेल ते कीर्तन ती उतरवून ठेवायची. ऐकायची किती? पहिल्या अभंगालाच घोरायची.

मग नांदेडला नातीच्या शाळेचं नाटक आलं. नात त्यात राणी होणार होती. "आजी, तू बघशील ना?" पोरीचा सारखा एकच प्रश्न. लेक तिथून व्हिडिओ कॉलवर दाखवणार होती. बाईने शेजारणी गोळा केल्या, चहा टाकला, टॅब उघडला. व्हिडिओचं ॲप म्हणे, आधी अपडेट करा. अपडेट करायला जावं तर जागा शिल्लक नाही.

"आत्ता करते जागा," म्हणत तिने पडद्यावरची ॲपची चित्रं बोटाने ओढून एकेक काढून टाकली. पडदा लख्ख झाला, जागा होती तेवढीच. दारावरची पाटी उतरवली की भाडेकरू निघून जातो, अशी तिची समजूत.

सून कणकेचे हात पुसत आली. तिने सेटिंग उघडून दाखवलं. "आई, हे कीर्तनाचं ॲप मूळचं एवढुसं. तुमी जे जे उतरवलं, ते त्याच्याच पोटात साचून राहिलं. पुसू का?"

"कीर्तन पुसती व्हय?" एक शेजारीण म्हणाली. "गेम काढ की."

"गेम केवढासा, काकू. अन् कीर्तन कुठं जाऊन राहिलं? ही इथली नक्कल जाईल फक्त. नेट असलं की परत ऐका."

"तरी बी. देवाचं हाय ते."

बाईचं बोट हवेतच. तिला देवाची भीती नव्हती, गल्लीतल्या तोंडांची होती. तिकडे राणी रंगमंचावर, इकडे हिचं पाप-पुण्य. शेजारणी कंटाळून, चहा संपवून, उठून गेल्या, तेव्हा कुठे तिने पुसायला होकार दिला.

अपडेट झालं. व्हिडिओ लागला, तर एक माणूस सतरंजी गुंडाळत होता. मग रंगवलेलं तोंड घेऊन नात पुढे आली.

"आजी, कशी दिसले मी?"

"मुकुटात लई शोभलीस बाई."

"मुकुट ऐनवेळी सापडलाच नाही, आजी. आईची ओढणी गुंडाळली होती."