चीनला चकवणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांएवढा घाबरट माणूस आख्ख्या दिवेआगरात न्हाय. दुसरा नंबर माझा. शाळेशी माझं कधी जमलं न्हाय, फोनातलं एक नाव वाचायला मला अर्धा तास लागतो, म्हणून पर्यटक फिरवायला बोललेलं ऐकणारी गाडी घेतली. 'फोन लाव' म्हटलं की आतली बाई लावते. घरात माझं एवढं कोण ऐकत न्हाय.

मामा सकाळी पेपर वाचतात आणि दिवसभर घाबरतात. एकदा धावतच आले. "जावईबापू, अमेरिकेनं चिनी कॉम्प्युटरवाल्या गाड्यांवर बंदी घातली! त्या सगळं ऐकून तिकडं कळवतात म्हणे. आपल्याकडं पण कायदा येनार. तुमची कुठली?" मला काय माहीत? मी रंग बघून घेतली होती. तेव्हापासून मामा गाडीत खरं बोलेनात. म्हसळ्याला निघालो की छताकडं बघून ओरडायचे, "श्रीवर्धनला चाललो रे!" सुपारी गळाली तरी, "यंदा पीक झकास!" शेवटी त्यांनी मला न सांगता फणसाचा चीक आणून छतातल्या माईकची भोकंच बुजवली. दोन दिवस मी बाईला हाका मारतोय. वाटलं, हीपण रुसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामींच्या छातीत कळ आली. दोघांना मागं बसवून म्हसळ्याच्या डॉक्टरकडं निघालो. घाटात वळणं घेता घेता मी ओरडलो, "डॉक्टरला फोन लाव!" बाई गप्प. माझा फोन मामांकडं दिला, तर त्यांचा चष्मा घरी. मामांनी छताकडं बोट केलं. "जावईबापू, मीच बुजवलंय ते." पुढं वाकून नखानं खरवडायला लागले. चीक तेलाशिवाय सुटतोय थोडाच! मग त्यांनी मामींच्या केसांवरून बोटं फिरवली, ते खोबरेल भोकांवर चोळलं. पुन्हा केस, पुन्हा भोकं. मामी तशातही पुटपुटल्या, "अहो, चाळीस वर्षांनी केसांना हात लावताय."

"ऐक गं बाई," मामा रडत ओरडले, "आम्ही म्हसळ्याला चाललोय. खरंच म्हसळ्याला! डॉक्टरला फोन लाव. आणि आणखी कोण ऐकत असेल त्यानंही ऐकावं, मला हिच्याशिवाय चहासुद्धा करता येत न्हाय."

फोन लागला. डॉक्टर दारातच उभे होते. मामी वाचल्या.

कायदा आला तर माझी गाडी राहील का जाईल, देव जाणे. भीती वाटते. पण कधी मनात येतं, मामांचं ते बोलणं तिकडं खरंच कुणी ऐकलं असेल का? ऐकलं असेल, तर त्यानंही माझ्यासारखंच घरी जाऊन बायकोला चहा करून दिला असेल.