काळ्या काचेवरचं दूध

आमच्या स्वयंपाकघरात सध्या एकीच्या डोक्यावर एक अशा दोन शेगड्या आहेत. खालची काळ्या काचेची, विजेवर चालणारी, ग्रॅनाइट कापून ओट्यात बसवलेली. तिच्यावर एक फळी टाकली आहे आणि त्या फळीवर आमची जुनी, दोन बर्नरची गॅसची शेगडी. त्यामुळे सगळं इतकं उंच झालंय, की बायको जमिनीवर पाट ठेवून त्याच्यावर उभी राहून भाकऱ्या करते. आल्यागेल्यानं विचारलं की ती म्हणते, “दुसरीकडं जागा न्हाई.” तेवढ्या वेळात मी कुंड्यांना पाणी घालायला बाहेर जातो. आमच्या कुंड्यांना एवढं पाणी लागत नाही.

मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आमचं गाव कराडजवळचं, उसाचं. बायको माणमधली, दहिवडीच्या बाजूची, जिथं पाण्याचा टँकर आला की लोक जेवण टाकून उठतात. माझी सगळी नोकरी होईपर्यंत ती गावी माझ्या थोरल्या भावाच्या आणि वहिनीच्या सोबत राहिली. मी सुट्टीवर यायचो, मटण खायचो, चार लोकांत मिरवायचो आणि परत जायचो. सुट्टीवरचा माणूस घरात पाहुणाच असतो. पुढं ताट येतं, ते कुठून आणि कसं येतं हे त्याला कुणी दाखवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंही कधी बघितलेलं नसतं.

निवृत्तीनंतर सांगलीत घर बांधलं. फरशी मी ठरवली, रंग मी ठरवला, नळसुद्धा मीच ठरवले. बायको प्रत्येक वेळी “तुमचं तुमी बघा” म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं. तिनं एकच गोष्ट मागितली होती. “शेगडी तेवढी मला बघून घ्यायचीय.”

तिची एक सवय आहे. कुठलंही भांडं ती वाजवल्याशिवाय घेत नाही. साधी पळी घ्यायची तरी बोटाच्या पेरानं वाजवते, कानाशी नेते, परत वाजवते. दुकानदार कंटाळतात. मी तर तिच्यासोबत भांड्यांच्या दुकानात जायचंच सोडून दिलं होतं. शेगडी घ्यायला हिला नेलं तर दिवस मोडणार, हे मी मनाशी धरलं आणि एका सकाळी एकटाच गेलो. शिवाय मला तिला चकित करायचं होतं. चुलीच्या धुरात तिचे डोळे किती वर्षं गळत होते, हे मी सुट्टीत येऊन बघितलेलं होतं, आणि आता तिला जाळ नको, धूर नको, सिलिंडरची वाट बघणं नको, असं काहीतरी मोठं आपण करणार आहोत, या विचारानं माझी छाती फुगलेली होती. हे खोटं नाही. पण त्यात मिरवायची हौस किती होती, ते आता वेगळं काढता येत नाही.

दुकानातल्या माणसानं पहिल्यांदा गॅसचे हॉब दाखवले. त्या दुकानात शेगडीला शेगडी म्हणतच नाहीत. तो विचारायला लागला, मोठं पातेलं केवढं असतं? दोन मोठी भांडी एका वेळी चढतात का? भाकरी रोज होते का? करणाऱ्याचा उजवा हात चालतो की डावा? मी फटाफट उत्तरं देत गेलो. यातलं एकही मला माहीत नव्हतं. फौजेत माहिती नसली तरी आवाज पडू द्यायचा नाही, हे अंगात मुरलेलं असतं. शेवटी तो म्हणाला, “साहेब, एकदा मॅडमना घेऊन या, मग ठरवू.” मला ते लागलं. मी म्हणालो, “त्यांना काय विचारायचं? दुसरं दाखवा.”

मग त्यानं ती काळी काच दाखवली. काचेवर वर्तमानपत्राचा कागद ठेवला, कागदावर पातेलं, पातेल्यात पाणी. पाणी उकळलं आणि कागद तसाच. मी तो कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. तिथंच मी गार झालो. त्या माणसानं एक लोहचुंबक माझ्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, हे ज्या भांड्याच्या बुडाला चिकटेल तेच यावर चालेल.

घरी आलो तर बायको बाजारात गेलेली. मी तिची सगळी भांडी खाली काढली, चुंबक लावून बघितली आणि दोन रांगा केल्या, पास आणि नापास. ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “माझी भांडी काय भरतीला आलीत?” मी हसलो. तिला सगळं समजावलं, कागदाची गोष्ट सांगितली. तिनं नापासांच्या रांगेकडं बघितलं. त्यात तिची डाळीची, भाताची रोजचीच होती. त्यातलं एक तिनं उचललं, बोटाच्या पेरानं वाजवलं, खाली ठेवलं. मग विचारलं, “आणि भाकरी कशावर शेकायची?”

“तव्यावरच की. लोखंडाला चुंबक चिकटतं.”

तिच्या तव्याचं बूड गोल आहे, तो सपाट काचेवर डुलतो, हे मला नंतर कळलं. तिला तेव्हाच कळलं असणार. पण तोवर मी पैसे देऊन आलो होतो आणि दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइट कापायला माणसं यायची होती. कापलेला दगड परत सांधता येत नाही. ती भांडी उचलायला लागली.

वास्तुशांतीला गावाकडची सगळी आली. भाऊ, वहिनी, माझी म्हातारी आत्या. दहिवडीहून बायकोचा भाऊ आला. त्यानं येताना एक पितळेचं पातेलं आणलं होतं, आतून नवी कल्हई केलेलं. ते सासूबाईंचं होतं. सासूबाई आता नाहीत. लेकीच्या घरात पहिलं दूध याच पातेल्यात उतू घालायचं, असं त्या सांगून गेल्या होत्या म्हणे. नव्या घरात नव्या शेगडीवर घरच्या बाईनं दूध तापवायचं आणि ते काठावरून वाहू द्यायचं, तसं घरात सगळं भरून वाहू दे म्हणून. आमच्याकडं पूजा थोडी मागंपुढं झाली तरी चालते, दूध उतू गेलंच पाहिजे.

तेव्हाच माझ्या डोक्यात चुंबक यायला हवं होतं. पण मी बाहेर मांडवात होतो. मेहुण्यानं मला टॉवेल-टोपी केली, नारळ दिला, माझ्या गावच्या चार लोकांनी “सुभेदारानं घर झकास बांधलं” म्हटलं, आणि तो टॉवेल तसाच खांद्यावर टाकून मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलो.

बायकोनं नवी साडी नेसली होती. शेगडीला हळदकुंकू लावलं, पितळेचं पातेलं काचेवर ठेवलं, दूध ओतलं, मी शिकवलं होतं तसं बोट टेकवलं. शेगडी पीं पीं करायला लागली. तिनं परत बोट टेकवलं, परत तेच. पितळ तिला चालत नव्हतं. वहिनीनं विचारलं, “काय म्हणतीया ती?” बायको माझ्याकडं न बघता म्हणाली, “पातेलं बदलाय पायजे.” मेहुणा शेजारीच उभा होता. आईच्या पातेल्यातलं दूध बहिणीनं स्टीलच्या पातेल्यात ओतलेलं त्यानं बघितलं, आणि रिकामं पातेलं हातात घेऊन तो मागं सरला.

स्टीलमध्ये दूध झरझर वर आलं. बायका पुढं सरकल्या, कुणी हात जोडले. पहिला ओघळ काठावरून निघाला आणि सरळ त्या बोटं टेकवायच्या जागेवर गेला. शेगडीनं एक लांब शिट्टी मारली आणि ती बंद पडली. काठापर्यंत आलेलं दूध आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खाली बसत गेलं. बायकोनं ओलं फडकं मारून परत चालू करायचा प्रयत्न केला, पण ती काही चालू होईना.

आत्या म्हणाली, “बसलं की गं दूध.”

मग वहिनीनं विचारलं, “कुणी आणली गं असली शेगडी?”

मी दारात होतो, चार पावलांवर. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मग ती म्हणाली, “मीच. माझीच हौस हुती.”

मी खाली बघितलं. खांद्यावरचा टॉवेल घसरत होता, तो मी नीट केला.

त्या दिवशी मी मनाची समजूत घातली. बायकोनं आपली अब्रू राखली, केवढं मोठं मन, वगैरे. ती मोठ्या मनाची आहे हे मानलं की मला गप्प बसायला सोपं जात होतं. शरम वाटत नव्हती असं नाही. पण शरम वाटणं आणि तोंड उघडणं यात जे अंतर असतं ते मला कापता आलं नाही. ज्यानं हाताखालच्या जवानांना “चूक झाली तर पुढं होऊन सांगायचं” म्हणून तासभर उभं केलंय, त्याची ही गोष्ट.

पुढं ही गोष्ट गावभर झाली. लग्नकार्यात बायकोला “विजेवर दूध बसवणारी” म्हणायला लागले. ती हसायची. मग पावसाळ्यात भाऊ शेताच्या बांधावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. आत्या अंथरुणाशेजारी बसून म्हणाली, “दूध बसलं तवाच माझ्या मनात आलं हुतं.” बायको तिथंच चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं कप सगळ्यांना दिले, माझ्या हातातही एक दिला. मी तो प्यायलो. त्या चहाची आठवण आली की अजून माझे कान तापतात. भावाचा पाय मोडला त्याचं खापरही या बाईच्या माथ्यावर फुटलं आणि मी फू फू करून चहा पीत बसलो. सांगलीला परत आलो त्याच आठवड्यात तिनं माळ्यावरची जुनी शेगडी खाली काढली, फळी टाकली आणि पाटावर उभी राहून भाकरी थापायला लागली.

परवा पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून गावी गेलो. भाऊ आता काठी घेऊन हिंडतो. बायका आत घुगऱ्या वाटत होत्या आणि दूध तापायला ठेवलेलं होतं. कुणीतरी बायकोला म्हणालं, “तू लांब थांब गं, बसंल त्ये.” सगळ्या हसल्या. तीही हसली. मी ओट्याशी पाणी प्यायला आलो होतो. तांब्या खाली ठेवला आणि म्हणालो, “ती शेगडी मी आणली होती. तिला न विचारता. तिची काही चूक नव्हती.”

माझा आवाज उगाच मोठा निघाला, परेडवर असल्यासारखा. पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली.

वहिनी घुगऱ्यांची वाटी भरता भरता म्हणाली, “आवं भावजी, ते आमाला ठावं न्हवतं व्हय? ती साधी पळी घ्यायची तर कानाशी वाजवून घेती. ती असली काच घिईल?” वाटी माझ्या हातात देऊन तिनं पुढं सांगितलं, अगदी साध्या आवाजात, “आमी समदी त्या दिवशी तुमच्याच तोंडाकडं बघत हुतो.”

मी वाटी घेऊन बाहेर आलो आणि ओसरीवर बसलो. म्हणजे एवढे दिवस जी थट्टा चालली होती ती तिची नव्हतीच. माझ्यासमोर, मला ऐकू जाईल अशी ती चाललेली असायची, आणि मी प्रत्येक वेळी, घरी कुंड्यांना पाणी घालायला जातो तसा, उठून बाहेर जात होतो.

संध्याकाळ व्हायच्या आत निघालो. कराड मागं पडलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या, गाडी हळू चालवावी लागत होती. मी बायकोला म्हणालो, “त्या दिवशी तू माझी अब्रू राखलीस.”

“कुणी सांगितलं तुमाला?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मी ‘मीच आणली’ म्हटलं ते तुमी ‘न्हाई, मी आणली’ म्हणाल म्हणून. तुमच्याकडं बघून बोलले की मी. तुमी लगीच खाली बघितलंसा.”

पुढची ट्रॉली थांबली होती. मीही थांबलो. माझे हात स्टेअरिंगवर होते आणि ते काढून कुठं ठेवावेत मला कळेना.

“मग एवढे दिवस गप्प का राहिलीस?” मी विचारलं.

“तुमी बोलाल म्हणून,” ती म्हणाली, आणि खिडकीची काच खाली करून उसाकडं बघत बसली.