व्याह्यांचे पणजोबा

मुरलीधरचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. अलार्म वाजायच्या आत तो उठायचा, नाहीतर बायकोची, अरुणाची, झोप मोडायची. चहा, डब्यात चार पोळ्या, जाड बूट, नारिंगी कोट. साडेचारला रूळदुरुस्तीच्या गँगची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी यायची आणि ती कोणासाठी थांबत नसे. बर्मिंगहॅममधल्या एकतीस वर्षांत ती त्याच्यावाचून दोनदाच गेली. एकदा वडील गेल्याची तार आली तेव्हा, एकदा लेक अक्षया जन्मली तेव्हा.

काम रुळांचं. गाड्यांच्या वजनानं रूळ कुठेतरी बसतो. डब्यातल्या माणसाला नुसता हिसका जाणवतो. मुरलीधर रुळावर गाल टेकून, एक डोळा मिटून पाहायचा आणि खोलगट जागा हेरायचा. मग जॅकने रूळ उचलायचा, रुळाखालच्या आडव्या तुळईखाली, म्हणजे स्लीपरखाली, खडी ठोकून भरायची. कमी भरली तर महिन्यात पुन्हा बसतो. जास्त भरली तर शेजारचा स्लीपर अधांतरी राहतो. एका स्लीपरला दोन माणसांना वीस मिनिटं लागतात. दहात झालं म्हणणारा खोटं बोलतो.

दोन हजार तीन साली तो निवृत्त झाला. दोन वर्षांनी अक्षयाचं लग्न ठरलं. ती लंडनला बँकेत, मुलगा एरिक तिच्याच ऑफिसातला, अमेरिकन. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचे वडील, वॉल्टर ब्रांट, घरी आले. येताना नेब्रास्काहून एक फ्रेम घेऊन आले. आत जुना फोटो : माळरानावर अर्धवट रूळ आणि हातात घण घेतलेला दाढीवाला माणूस.

"माझे पणजोबा," ब्रांट म्हणाले. "जर्मनीहून बोटीनं आले. दिवसाला बारा तास रूळ टाकले. आज आम्ही जे आहोत ते या माणसामुळे."

मुरलीधरने फोटो खिडकीपाशी नेऊन न्याहाळला. "खडी अजून भरलेली नाही," तो म्हणाला.

ब्रांट खूश झाले. "तुम्हाला कळणारच! अक्षया म्हणाली, तुम्ही रेल्वेत इंजिनिअर होतात. पूल बांधलेत का?"

दारात उभ्या अक्षयाचा चेहरा पडला. मुरलीधरने तिच्याकडे एकदा पाहिलं.

"पूल नाही," तो म्हणाला. "रूळच."

चहाच्या निमित्ताने तिघं स्वयंपाकघरात आली. "सॉरी, बाबा," अक्षया पुटपुटली. "युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षी असंच बोलून गेले. मग एरिकलाही तेच सांगितलं. आता कसं चेंज करू?"

"अगं, त्यांनी घण मारणारा पणजोबा फ्रेम करून आणलाय," अरुणा म्हणाली, "आणि तुला बापाची लाज?"

"आई, तो शंभर वर्षांपूर्वी मेलाय! दॅट्स डिफरंट."



"अरुणा, चहा उतू जातोय," मुरलीधर म्हणाला. मग लेकीला म्हणाला, "उद्या मी काय बोलायचं ते लिहून दे. चुकायला नको."

तिथल्या लग्नात वधूपित्याने चार शब्द बोलायची रीत आहे. अक्षयाने पानभर लिहून दिलं. मुरलीधर पहाटेपासून ते घोकत बसला. हॉलमध्ये उभा राहून त्याने एकही शब्द न अडखळता वाचला : "एक इंजिनिअर म्हणून मी माझ्या मुलीला अचूकपणा शिकवला." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर ब्रांट उठले. त्यांनी फोटो उंच धरला. "आम्ही मजुराची मुलं आहोत, आणि ते सांगताना मला अभिमान वाटतो." या वेळी अख्खा हॉल उठून उभा राहिला. मुरलीधरही उठला आणि सगळे बसल्यावरही टाळ्या वाजवत राहिला. अरुणाने त्याची बाही ओढली, "अहो, बसा." अक्षया समोरच्या ताटात पाहत होती.

रविवारी गाड्या बंद ठेवून रुळांचं काम चालायचं आणि मजुरी दीडपट मिळायची. अक्षया सहा वर्षांची झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत मुरलीधरने जवळजवळ एकही रविवार घरी काढला नव्हता. त्या पैशातून आधी तिची युनिव्हर्सिटी झाली. उरलेल्यातून हा हॉल, दीडशे माणसांचं जेवण आणि तो फोटो ठेवायला मांडलेलं फुलांचं टेबल.